जन्मकल्याणक : उत्सवाचे परिमाण

मार्चअखेरचे हिशेब आटोपत येतात, कडुनिंबाला मोहोर येतो, करंजाला पोपटी पालवी फुटते, आणि त्याच सुमारास चैत्र शुद्ध त्रयोदशी उगवते. भगवान महावीरांच्या जन्मकल्याणकाचा हा दिवस. वर्षभर पेढीवर आणि दुकानात अडकलेली आपली कुटुंबे त्या दिवशी एकत्र येतात. मुलांच्या परीक्षा संपत आलेल्या असतात, लेकीबाळी माहेरी येण्याची तयारी करीत असतात, दुकाने बंद असतात. सकाळी प्रभातफेरी किंवा वरघोडा, त्यानंतर प्रवचन, दुपारी स्वामीवात्सल्य अथवा गौतमप्रसादी, सायंकाळी पाळणा आणि भक्तिगीते, असा हा भरगच्च दिवस असतो. वसंतातील हा आपला सर्वांत मोठा कौटुंबिक सण होय.

या सणाची दुसरी बाजू दुसऱ्या दिवशी सकाळी दिसते. ज्या मार्गाने वरघोडा गेला त्या मार्गावर पाण्याची रिकामी पाकिटे, ताकाचे पेले, प्लास्टिकच्या पताका आणि फुग्यांचे तुकडे पडलेले असतात. जेवणाच्या मांडवामागे उष्ट्या ताटल्यांचा ढीग असतो. त्या ढिगात उरलेल्या अन्नाच्या वासाने मोकाट गायी येतात आणि अन्नासोबत पिशवीही गिळतात. गायीच्या पोटाच्या पहिल्या व सर्वांत मोठ्या कप्प्यात गेलेले प्लास्टिक पचत नाही, सहसा पुढेही सरकत नाही. त्याचा गोळा वाढत जातो, चाऱ्याला जागा उरत नाही, आणि पोट भरलेले दिसत असूनही जनावर खंगत जाते. अशी जनावरे अखेरीस पांजरापोळात येतात. त्या पांजरापोळासाठी आपण याच दिवशी, याच मांडवात, जीवदयेचा फंड गोळा केलेला असतो. एका हाताने आपण जो रोग देतो, त्याच रोगाच्या उपचारासाठी दुसऱ्या हाताने देणगी देतो. जमाखर्चाच्या कोणत्याही पद्धतीत हा व्यवहार फायद्याचा ठरत नाही.

पर्यावरणपूरक सण म्हटले की काहींना ती बाहेरून आलेली नवी कल्पना वाटते. शाळेत मुलांना शिकवतात, वृत्तपत्रांत लेख येतात, म्हणून आपणही करायचे, असा समज दिसतो. माझे नम्र मत असे आहे की श्रावकाला यासाठी कोणाकडून काही उसने घ्यावे लागत नाही. जे हवे ते आपल्याच आगमांत आणि आपल्याच घरांतील नित्यनियमांत आहे. त्याचे नाव परिमाण. म्हणजे आधी ठरवून, मोजून घेतलेली मर्यादा.

वाणिज्यग्रामचा आनंद

उपासकदशांग सूत्राचा आरंभच एका व्यापाऱ्याच्या चरित्राने होतो. त्याचे नाव आनंद, आणि त्याचे गाव वाणिज्यग्राम. सूत्रकारांनी त्याच्या संपत्तीची नोंद एखाद्या ताळेबंदासारखी दिली आहे. चार कोटी सुवर्णमुद्रा निधानात, चार कोटी वृद्धीसाठी व्यवहारात लावलेल्या, चार कोटी घरसंसाराच्या पसाऱ्यात. शिवाय प्रत्येकी दहा हजार गायींचे चार व्रज. असा हा गाथापती भगवान महावीरांच्या समवसरणात गेला. साधू होण्याचे सामर्थ्य आपल्यात नाही हे त्याने मोकळेपणाने सांगितले आणि श्रावकाची बारा व्रते स्वीकारली.

व्रत घेताना त्याने केवळ ‘मी साधेपणाने राहीन’ असे मोघम सांगितले नाही. त्याने एकेक वस्तू घेतली आणि तिचे परिमाण सांगितले. नांगर किती, प्रवासाच्या गाड्या किती, मालाच्या गाड्या किती, जहाजे किती. अंग पुसण्याचे वस्त्र कोणते, दातवण कोणते, फळ कोणते. स्नानासाठी पाण्याचे आठ घडे, त्याहून अधिक नाही. पिण्यासाठी आकाशातून पडलेले, म्हणजे पावसाचे साठवलेले पाणी. घरी परतल्यावर त्याने पत्नी शिवानंदा हिला हे सांगितले, आणि तिनेही प्रभूंकडे जाऊन तीच व्रते घेतली.

या प्रसंगातील दोन गोष्टी आपल्यासाठी फार मोलाच्या आहेत. पहिली अशी की मर्यादा घेणारा माणूस दरिद्री नव्हता. त्याला परवडत होते, तरीही त्याने हात आखडला. दुसरी अशी की मर्यादा संख्येत सांगितली होती. संख्येत सांगितलेले व्रत पाळले की मोडले हे संध्याकाळी स्वतःलाच तपासता येते. मोघम व्रत मात्र कधीच मोडत नाही, कारण ते कधी घेतलेलेच नसते.

आपल्यापैकी बहुतेकांचे बँकेत कॅश क्रेडिटचे खाते असते. दुकानातील मालाच्या साठ्यावर उचलीची मर्यादा ठरते, दरमहा साठ्याचे विवरण द्यावे लागते, आणि साठा घटला की उचलही कमी करावी लागते. नोकरीच्या काळात अशी असंख्य विवरणे मी तपासली. साठा घटत असताना उचल वाढत गेली तर ते खाते कोठे जाते, हे कोणत्याही व्यापाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. विहिरीचे पाणी, नदीचे पात्र, गावाबाहेरची मोकळी जमीन हा आपला सामाईक साठा आहे. चैत्र-वैशाखात तो सर्वांत कमी असतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत आपला सण येतो. त्या दिवशीची उचल किती असावी, हा प्रश्न म्हणूनच व्यवहाराचाही आहे.

चौदा नियम आणि एक दिवस

आनंद श्रावकाची परंपरा आपल्या घरांत चौदा नियमांच्या रूपाने आजही जिवंत आहे. सकाळी नियम धारणाऱ्या आजी-आजोबांना ‘आज इतकीच द्रव्ये’ असे म्हणताना आपण ऐकले आहे. सचित्त, द्रव्य, विगय, वस्त्र, कुसुम, वाहन, स्नान, अशा प्रत्येक बाबतीत त्या दिवसापुरती मर्यादा घालायची, ही ती पद्धत. पर्यावरणाच्या नावाने आज जे सांगितले जाते त्यातील बराचसा भाग या यादीत आधीच आला आहे. फुलांची सजावट किती, हा कुसुमाचा नियम. वरघोड्याला पायी जायचे की गाड्यांचा ताफा न्यायचा, हा वाहनाचा नियम. जेवणात पदार्थ किती, हा द्रव्याचा नियम. एक व्यक्ती स्वतःपुरते जे करते ते त्या एका दिवशी संपूर्ण कुटुंबाने व संपूर्ण संघाने करावे, एवढेच सुचवायचे आहे.

याला आणखी एक आधार आहे. चैत्र शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत नवपदाची ओळी असते आणि जन्मकल्याणकाची त्रयोदशी या नऊ दिवसांच्या मध्येच येते. एकीकडे आयंबिल भवनात तपस्वी तूप, दूध, साखर, तेल यांवाचून एक वेळ उकडलेले धान्य घेत असतात आणि शेजारच्या मांडवात वीस पदार्थांची पंगत उठत असते. साधर्मिकांचे आदरातिथ्य आनंदाने व्हावे यात दुमत नाही. परंतु संघाने ‘यंदा सात द्रव्ये’ असे आधी जाहीर केले, तर आदर कमी होत नाही. उलट ओळी करणाऱ्यांच्या तपाशी पंगतीचे नाते जुळते.

पंगतीचा हिशेब

समजा, एका संघात एक हजार माणसांचे जेवण आहे. प्रत्येकामागे एक ताटली, दोन वाट्या, एक चमचा, पाण्याचे दोन पेले आणि ताकाचा एक पेला धरला, तर एका दुपारी सात हजार वस्तू कचऱ्यात जातात. प्रत्येक ताटात केवळ ५० ग्रॅम अन्न उरले तरी ५० किलो अन्न वाया जाते. या सात हजार वस्तूंपैकी एकही वस्तू अर्ध्या तासापेक्षा अधिक उपयोगात आलेली नसते.

कायद्याचेही येथे स्पष्ट म्हणणे आहे. महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक व थर्मोकोलच्या ताटल्या, पेले, वाट्या, चमचे यांवर बंदी आली. १ जुलै २०२२ पासून संपूर्ण देशात एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ठरावीक वस्तूंवर बंदी आहे. त्या यादीत ताटल्या-पेल्यांखेरीज प्लास्टिकचे झेंडे, फुग्यांच्या काड्या, सजावटीचे थर्मोकोल, मिठाईच्या खोक्यांवर व निमंत्रणपत्रिकांवर चढवलेले पातळ आवरण आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ असे प्लास्टिकचे फलक यांचाही समावेश आहे. आपल्या सणात लागणाऱ्या किती वस्तू या एका यादीत आल्या आहेत, हे पाहण्यासारखे आहे. कागदी पेले हा यावरील पूर्ण उपाय नव्हे. पाणी झिरपू नये म्हणून त्यांच्या आतल्या बाजूस सहसा प्लास्टिकचाच पातळ थर दिलेला असतो.

मग स्टीलची ताटे वापरावीत, असे म्हटले की एक प्रामाणिक शंका येते. ताटे धुवायला पाणी लागते, आणि पाणी म्हणजे अप्कायाचे जीव. मग एक हिंसा टाळून दुसरी ओढवून घ्यायची काय? या शंकेचे उत्तर आपल्याच परंपरेने दिले आहे. उष्टे अन्न ओलसर अवस्थेत पडून राहिले तर दोन घडीनंतर, म्हणजे ४८ मिनिटांनंतर, त्यात संमूर्च्छिम जीवांची उत्पत्ती होते असे आपण मानतो. म्हणूनच ताट स्वच्छ करून, घोटभर पाण्याने धुऊन ते पाणी पिण्याची रीत आपल्याकडे पडली. अशा ताटाला पुढे धुण्यासाठी फारच थोडे पाणी लागते. राख किंवा कोरड्या भुशाने घासून, दोन पातेल्यांत बुचकळून काढले की काम होते. वाहत्या नळाची गरज राहत नाही. याउलट उष्ट्यासह फेकलेल्या ताटल्यांचा ढीग दोन घडीच काय, दोन दिवस तसाच पडून असतो. कोणत्या पर्यायात हिंसा अल्प आहे, याचा निर्णय यतनेच्या, ज्याला आपण बोलीत जयणा म्हणतो त्या कसोटीवर सहज होतो.

ज्या संघाकडे स्वतःची ताटे नाहीत, त्याने एका वर्षीच्या लाभार्थी कुटुंबाला ताटांच्या संचाचा लाभ द्यावा. ही ताटे पुढे लग्नाकार्यात, पारण्याला, श्रद्धांजलीच्या दिवशीही उपयोगी पडतात. अगदीच शक्य नसेल तर पोफळीच्या झाडावरून आपोआप गळून पडणाऱ्या झावळीच्या बुडख्याची ताटे मिळतात. त्यासाठी झाडाला हात लावावा लागत नाही, आणि वापरून झाल्यावर ती मातीत मिसळतात.

वरघोडा आणि प्रभावना

वरघोड्याचा हेतू शासनप्रभावनेचा, म्हणजे इतरांच्या मनात धर्माविषयी आदर उत्पन्न करण्याचा आहे. रस्त्यावरचा दुकानदार, रुग्णालयातील रोगी, अभ्यास करणारा विद्यार्थी हे आपल्याविषयी काय मत बनवतात, यावर प्रभावनेचे यश ठरते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा आवाजाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, आणि रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र धरतात. मोठमोठ्या ध्वनिवर्धकांच्या भिंती ही मर्यादा कधीच पाळू शकत नाहीत. ज्या प्रभूंनी साडेबारा वर्षांचा साधनाकाळ बहुतांशी मौनात काढला, त्यांच्या जन्माचा उत्सव ढोल-झांजा, शहनाई आणि भक्तिगीतांच्या मधुर स्वरांत झाला तर तो अधिक शोभतो.

पताका कापडाच्या असाव्यात, आणि त्यांवर वर्ष घालू नये. म्हणजे त्याच पताका पुढील दहा वर्षे उपयोगी पडतात. स्वागताच्या फलकांची संख्या संघाने ठरवून द्यावी. पाण्याच्या पाकिटांऐवजी ठरावीक अंतरावर गाळलेल्या पाण्याचे माठ आणि स्टीलचे पेले ठेवावेत. पाणपोई ही उन्हाळ्यातील आपली जुनी सेवा आहे. तिच्याजवळ दोन तरुण उभे राहिले की रस्त्यावर कचरा पडत नाही.

प्रभावना म्हणून वाटल्या जाणाऱ्या वस्तूंचाही विचार व्हावा. प्लास्टिकची डबी, चमकदार कागदातील शोभेची वस्तू घरी येते आणि कपाटात पडून राहते. हा अपरिग्रहाच्या उपदेशकाच्या नावाने घरोघरी वाढवलेला परिग्रहच होय. पाणी गाळण्याचे दुहेरी सुती गाळणे, पुंजणी, कापडी पिशवी, किंवा रोजच्या वापरातील धान्य-गूळ दिले तर वस्तू कामी येते.

आणखी एका प्रथेविषयी सांगणे आवश्यक आहे. काही ठिकाणी या दिवशी बाजारातून पोपट, मुनिया असे पक्षी विकत घेऊन सोडले जातात. भावना करुणेची असते. परंतु हे पक्षी पकडणे व विकणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाविरुद्ध आहे, आणि आपण दिलेला पैसा पारध्याला पुढच्या वर्षीसाठी अधिक जाळी लावण्याचे कारण देतो. व्यापारी माणसाला मागणी आणि पुरवठ्याचा संबंध सांगायला नको.

घरातील दिवस

संघाचे काम संघ करील. घराचे काम मात्र घरातच ठरते. त्रयोदशीच्या आदल्या संध्याकाळी कुटुंबाने एकत्र बसून एका कागदावर दुसऱ्या दिवसाची मर्यादा लिहावी. स्नानाला किती पाणी, गाडी काढायची की नाही, स्वयंपाकात द्रव्ये किती, नवी खरेदी किती. लिहिण्याचे काम मुलांकडे द्यावे, कारण मुले मोजमापाच्या बाबतीत मोठ्यांपेक्षा कठोर असतात. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपले की रात्रीच्या स्वयंपाकाचा आणि दिव्यांचा प्रश्नच उरत नाही.

गच्चीवर किंवा गॅलरीत पक्ष्यांसाठी मातीचे उथळ परळ ठेवावे. मारवाडात याला परिंडा म्हणतात आणि उन्हाळा लागताच तो बांधण्याची रीत आहे. पाणी रोज बदलावे आणि परळ घासून कोरडे करावे. अन्यथा साचलेल्या पाण्यात डासांची पैदास होते आणि जीवदयेसाठी ठेवलेले पाणीच पुढे हिंसेचे निमित्त ठरते. एका दिवसाच्या सणाला पावसाळ्यापर्यंतच्या नित्यकर्माशी जोडणारे हे छोटेसे काम घरातील लहान मुलावर सोपवावे.

वाचलेल्या रकमेचे काय?

मर्यादा घातली की पैसा वाचतो, आणि वाचलेल्या पैशाची विल्हेवाट काळजीपूर्वक लावली पाहिजे. आपल्याकडे देवद्रव्य, ज्ञानद्रव्य, साधारण, जीवदया अशी खाती वेगळी असतात. देवद्रव्य अन्य कामाकडे वळवता येत नाही, आणि जीवदयेचा पैसा जीवदयेलाच लागला पाहिजे. ही शिस्त अबाधित ठेवूनच पुढील विचार करावा. मंडप, फलक, ध्वनिवर्धक यांवर लाभार्थी कुटुंब स्वेच्छेने जो खर्च करणार होते, त्यातील वाचलेला भाग त्याच कुटुंबाच्या संमतीने पांजरापोळातील चारा-पाण्याकडे किंवा जलसंधारणाकडे जावा.

श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत वने तोडणे, वणवा लावणे आणि तळी-सरोवरे कोरडी करणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे कोणत्या धंद्यातून नफा घ्यायचा नाही, हेही आपल्याला सांगितले गेले आहे. तळे आटवणे जर पाप, तर आटलेल्या तळ्यातील गाळ काढून त्यात पाणी ठरेल असे करणे हे त्याच्या विरुद्ध दिशेचे काम होय. राज्य शासनाची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ पासून आहे, आणि भारतीय जैन संघटनेने २०१८ साली शासनाबरोबर बुलढाणा जिल्ह्यात असे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. ही कामे उन्हाळ्यातच, म्हणजे जन्मकल्याणकानंतरच्या आठवड्यांतच होतात. गाळ शेतकऱ्याच्या रानात जातो, पावसाळ्यात तळे भरते, आणि माणसांबरोबर गुरांना व पाखरांनाही पाणी मिळते.

या सर्वांतील खरी अडचण पैशाची किंवा साधनांची नाही. अडचण आहे ती ‘लोक काय म्हणतील’ या भीतीची. मागील वर्षीच्या लाभार्थ्याने पंधरा पदार्थ केले, मग आपण सात कसे करावेत? हा संकोच एकट्या कुटुंबाला तोडता येत नाही, म्हणून मर्यादा संघाने ठरवावी आणि ती सर्वांना सारखी असावी. त्यामुळे श्रीमंताची प्रतिष्ठा अबाधित राहते, आणि मध्यम परिस्थितीतील साधर्मिकालाही एखाद्या वर्षी लाभ घेता येतो. आज कितीतरी कुटुंबे केवळ खर्चाच्या धास्तीने पुढे येत नाहीत, हे आपण सर्व जाणतो.

उत्सवानंतरच्या पहिल्या बैठकीत कोषाध्यक्ष खर्चाचा हिशेब वाचतात. त्याच वेळी आणखी चार ओळी वाचल्या जाव्यात: किती ताटे वापरली, किती अन्न उरले, कचऱ्याची किती पोती निघाली, आणि किती रक्कम पांजरापोळाला अथवा पाण्याच्या कामाला गेली. पहिल्या वर्षीचे आकडे फारसे चांगले नसले तरी चालतील. दुसऱ्या वर्षी त्यांच्याशी तुलना करता येईल, आणि पोत्यांची संख्या घटली की नाही हे कळेल.

प्रभू गर्भात आल्यावर राजा सिद्धार्थांच्या घरी धनधान्याची वृद्धी झाली, म्हणून माता-पित्यांनी बालकाचे नाव वर्धमान ठेवले. त्याच वर्धमानांनी दीक्षेपूर्वी वर्षभर दान दिले आणि सर्व सोडून ते निघाले. आपण गृहस्थ आहोत. सर्व सोडणे आपल्याला शक्य नाही. परंतु वाणिज्यग्रामच्या आनंदाने आणि शिवानंदेने जे केले ते आपल्या आवाक्यातील आहे. येत्या चैत्रात प्रत्येक घराने निदान एक मर्यादा संख्येत ठरवावी, कागदावर लिहावी आणि ती त्रयोदशीला संध्याकाळी तपासून पाहावी, ही सर्व श्रावक-श्राविकांना नम्र विनंती.

जय जिनेंद्र.